एकट्या नटाचे नाटक, अनेकांची रचना

गेल्या अंकात आम्ही ‘एव्हरी ब्रिलियंट थिंग’ या ब्रिटिश एकपात्री नाटकाचा परिचय करून दिला होता. आई नैराश्याच्या आजाराने ग्रासलेली आहे आणि तिने जीव देण्याचा प्रयत्न केला आहे, हे कळल्यावर सात वर्षांचे मूल तिच्यासाठी जगण्याजोग्या गोष्टींची यादी करायला घेते. पहिली नोंद आइस्क्रीमची असते. मूल मोठे होते, प्रेमात पडते, लग्न करते, स्वतःही त्याच अंधारातून जाते आणि यादी दहा लाखांपर्यंत पोचते. इतक्या जड विषयावरचे हे नाटक प्रेक्षकांना सतत हसवते, याचे अनेक वाचकांना नवल वाटले. आलेल्या पत्रांपैकी नाटक घडवणाऱ्या मंडळींविषयीचे प्रश्न या वेळी घेत आहोत.

प्रश्न : एकपात्री म्हणजे एक नट, एक खुर्ची आणि भक्कम पाठांतर, अशी माझी समजूत आहे. मग या नाटकाच्या श्रेयनामावलीत लेखक डंकन मॅकमिलन यांच्या जोडीला ‘जॉनी डॉनहो यांच्यासह’ असे का लिहिलेले असते? शिवाय रंगमंचावर एकच माणूस असताना दिग्दर्शकाला नेमके काम तरी काय उरते?
— एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाटकाच्या जडणघडणीतच आहे. मॅकमिलन यांनी प्रथम ‘स्लीव्ह नोट्स’ नावाचे एक छोटे एकपात्री लिहिले होते. ती संहिता पुढे बरीच वर्षे वाढत, बदलत राहिली आणि या काळात दिग्दर्शक जॉर्ज पेरिन त्यांच्याबरोबर होते. यादीत काय काय असावे यासाठी फेसबुकवर गट करून लोकांकडून नोंदी मागवल्या गेल्या. म्हणजे ज्या यादीवर सगळे नाटक उभे आहे, तीसुद्धा एका टेबलावर, एकाच्या डोक्यातून उतरलेली नाही. यादी वाचताना तिच्यात जो वेगवेगळ्या स्वभावांचा आवाज ऐकू येतो, तो मला या कारणामुळे खरा वाटतो.

जॉनी डॉनहो हे नंतर आले. ते मूळचे विनोदी कलावंत असून ‘जॉनी अँड द बॅप्टिस्ट्स’ या गाण्यांतून विनोद करणाऱ्या जोडीतले एक आहेत. अनोळखी प्रेक्षकाशी थेट बोलणे, त्याने अनपेक्षित उत्तर दिले तर ते हाताळणे आणि हे करताना त्याला कुठेही ओशाळवाणे वाटू न देणे, हे अशा कलावंताचे रोजचे कसब असते. या नाटकाला नेमके तेच कसब हवे होते, कारण त्यातील बहुतेक दुय्यम भूमिका प्रेक्षकच करतात. प्रेक्षकाशी काय बोलले की तो मोकळा होतो, कोणते वाक्य त्याला कोड्यात टाकते, कुठे थांबावे लागते, या गोष्टी प्रयोगातच कळतात आणि कळल्या की संहितेत उतरतात. प्रयोग करता करता ज्याच्या हातून संहिता घडली, त्याचे नाव लेखकाच्या नावाबरोबर छापणे हा मला केवळ सौजन्याचा भाग वाटत नाही. ती वस्तुस्थितीची प्रामाणिक नोंद आहे. आपल्याकडे तालमीत आणि प्रयोगांत नटांनी भरलेल्या जागा पुस्तक छापताना लेखकाच्या खात्यावर मुकाट्याने जमा होतात, त्या पार्श्वभूमीवर हा पायंडा मला फार मोलाचा वाटतो.

आता दिग्दर्शकाविषयी. नाटक सुरू होण्यापूर्वीच नट प्रेक्षागृहात हिंडत असतो, लोकांशी गप्पा मारत असतो आणि त्यांना क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या वाटत असतो. पुढे त्याने एखादा क्रमांक पुकारला की ज्याच्याकडे ती चिठ्ठी आहे त्याने आपल्या जागेवरून ती नोंद मोठ्याने वाचायची असते. प्रेक्षागृहातील दिवे पूर्ण प्रयोगभर चालू राहतात आणि प्रेक्षक शक्यतो चारी बाजूंनी बसलेले असतात. या प्रत्येक गोष्टीचा परिणाम एकच आहे : प्रेक्षक एकमेकांचे चेहरे पाहू शकतात. अंधारात बसलेला प्रेक्षक आजाराची गोष्ट एकट्याने ऐकतो. उजेडात बसलेल्या प्रेक्षकाला समोरची अनोळखी बाई डोळे पुसताना दिसते आणि पुढच्याच क्षणी तीच बाई ‘पिवळा रंग’ असे खणखणीत आवाजात वाचताना ऐकू येते. हा निर्णय नटाच्या अभिनयाइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो घेणे हे दिग्दर्शकाचे काम आहे.

याहून बारीक काम पाहायचे असेल तर पहिल्या काही मिनिटांतील दोन प्रसंग पाहावेत. पहिल्यात मुलाच्या म्हाताऱ्या कुत्र्याला पशुवैद्य शेवटची सुई देतो. वैद्य होतो एक प्रेक्षक. कुत्रा म्हणून कुणाचा तरी कोट मांडीवर घेतला जातो आणि सुई म्हणून कुणाचे तरी पेन वापरले जाते. त्या प्रेक्षकाला बोलण्याचे फारसे काम नसते, करायची ती एक साधी कृती असते, आणि तरीही ती करताना त्याचा हात क्षणभर अडखळतो. दुसऱ्या प्रसंगात वडील मुलाला मोटारीतून इस्पितळाकडे नेतात. येथे आपली अपेक्षा अशी असते की नट मुलगा होईल आणि प्रेक्षक वडील. प्रत्यक्षात उलट घडते. नट वडील होतो आणि प्रेक्षकाला मुलगा करून त्याला एकच शब्द देतो : ‘का?’ वडिलांनी काहीही सांगितले की ‘का?’ असे विचारत राहायचे. या खेळाला प्रेक्षागृह आधी मनापासून हसते, कारण मुलांचा हा छळ प्रत्येक घराने सोसलेला आहे. मग प्रश्नांची साखळी अशा ठिकाणी पोचते जिथे वडिलांजवळ उत्तर नसते, आणि हसणे आपोआप विरते. प्रेक्षकाला येथे अभिनय करावा लागत नाही, पाठांतर करावे लागत नाही आणि तो चुकूच शकत नाही. लेखक, दिग्दर्शक आणि नट अशा तिघांनी मिळून विचार केल्याशिवाय इतकी सुरक्षित आणि इतकी खोल जाणारी रचना हाती लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या परंपरेशी तुलना केली तर फरक अधिक स्पष्ट होतो. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याच्या बळावर 52 व्यक्तिरेखा उभ्या करीत, आणि त्यातील अचंबा एका देहातून इतकी माणसे निघतात याचा होता. येथे नट जवळजवळ स्वतःच राहतो आणि माणसे समोरच्या खुर्च्यांतून उठून येतात. म्हणून इथल्या नटाला नकलेपेक्षा ऐकण्याची तयारी अधिक लागते.

‘एव्हरी ब्रिलियंट थिंग’चा पहिला प्रयोग 2013 मध्ये इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील लडलो या छोट्या गावच्या महोत्सवात झाला. ‘पेन्स प्लाव’ आणि ‘पेंटाबस’ या दोन संस्थांची ही संयुक्त निर्मिती. पेन्स प्लाव ही 1974 पासून केवळ नवी नाटके करणारी फिरती संस्था आहे, तर पेंटाबस खेड्यापाड्यांतील सभागृहांत नाटके नेते. 2014 च्या एडिंबरा महोत्सवात ते पेन्स प्लावच्या ‘राउंडअबाउट’ या सुटे करून नेता येणाऱ्या 168 आसनांच्या गोल नाट्यगृहात झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बॅरो स्ट्रीट थिएटरमध्ये गेले. नेपथ्य नसणे ही काटकसर होती की कलादृष्टी, असे कुणी विचारील, तर मी म्हणेन की गावातल्या सभागृहात उभे राहू शकेल असेच नाटक करायचे, हे ठरले तेव्हा त्या दोन गोष्टी एकच झाल्या.

प्रश्न : ही गोष्ट लेखकाची स्वतःची आहे का? की नटाची?
— एक वाचक, अकोला

उत्तर : दोघांचीही नाही. कथा काल्पनिक आहे, अनेक खऱ्या आणि रचलेल्या गोष्टींतून ती बांधलेली आहे. प्रयोग पाहणाऱ्याला ती समोरच्या नटाचीच वाटते, हे त्या बांधणीचे यश आहे. निवेदक स्त्री असो वा पुरुष, कोणत्याही वयाचा असो, नाटक चालते, आणि ज्या देशात प्रयोग होईल तिथले संदर्भ घ्यावेत अशी मुभा संहितेतच आहे. 2025 मध्ये लंडनच्या ‘सोहोप्लेस’ नाट्यगृहात हे नाटक जेरेमी हेरिन आणि स्वतः मॅकमिलन यांच्या दिग्दर्शनाखाली झाले, तेव्हा सर लेनी हेन्री, जॉनी डॉनहो, अंबिका मॉड, सू पर्किन्स आणि मिनी ड्रायव्हर यांनी आळीपाळीने ते केले. या पाच जणांची वये, वर्ण आणि पार्श्वभूमी इतकी भिन्न आहे की नाटक कुणा एकाच्या चरित्रावर टेकलेले नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : मी गेली अनेक वर्षे मनोरुग्णांच्या सेवेत परिचारिका म्हणून काम करते. आमच्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची होणारी चेष्टा मी पुष्कळ पाहिली आहे. आत्महत्येच्या विषयावर लोकांना हसवणे मला पटत नाही. या मंडळींनी त्याचा काही विचार केला होता का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपला आक्षेप मला अत्यंत रास्त वाटतो आणि त्याला वरवरचे उत्तर देणे योग्य होणार नाही. आपल्या नाटकांत आणि चित्रपटांत वेड्याचे सोंग हा हमखास हशाचा मार्ग होता, अजूनही आहे. त्या हशाचा रोख रुग्णावर असतो. या नाटकात तपासण्याची गोष्ट हीच आहे की हशा कुणावर येतो.

आईच्या वागण्यावर एकदाही हसू येत नाही. तिची नक्कल कुणी करत नाही. तिची भूमिका कुठल्याही प्रेक्षकाकडे दिलेली नाही, ही बाब मला फार बोलकी वाटते. हसू येते ते मुलाच्या धडपडीवर, मोठ्यांच्या अवघडलेपणावर. शाळेतील समुपदेशक बाई मुलांशी बोलण्यासाठी हातमोज्यासारखी बाहुली वापरतात. ही भूमिका मिळालेल्या प्रेक्षकाला पायातला मोजा काढून हातात घालावा लागतो आणि त्या मोज्याच्या कुत्र्याकरवी मुलाशी बोलावे लागते. प्रेक्षागृह लोटपोट होते. पण दुःखी मुलाशी थेट बोलण्याचे धैर्य मोठ्या माणसांना होत नाही, हे सत्य त्या मोज्यामुळेच आपल्यापर्यंत पोचते. तसाच तो प्रसंग, ज्यात मुलगा आपली यादी आईच्या उशीवर ठेवतो. ती परत मिळते तेव्हा आई काही बोलत नाही. तिने ती वाचली आहे हे मुलाला कळते, कारण तिने त्यातील शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केलेल्या असतात. येथे हसू आणि हुंदका यांच्यामध्ये बोट घालायला जागा नाही. आजारी आईत शुद्धलेखन तपासणारी आई शिल्लक आहे, हे कळवण्याचा याहून दयाळू मार्ग मला सुचत नाही.

दुसरा भाग जबाबदारीचा. आत्महत्येची वर्णने भडकपणे पसरली तर त्यांचे अनुकरण होते, ही गोष्ट नाटकात झाकून ठेवलेली नाही, उलट ती कथानकाचा भाग आहे. विद्यापीठातील एका तासाला जर्मन लेखक गटे याच्या वेर्थर या कादंबरीची, जिचा नायक शेवटी आत्महत्या करतो, चर्चा होते, आणि त्या कादंबरीनंतर तरुणांनी तिचे अनुकरण केल्याचा जो इतिहास सांगितला जातो, तो त्या निमित्ताने येतो. पुढे निवेदक ‘समॅरिटन्स’ या ब्रिटनमधील मदतसंस्थेने वृत्तमाध्यमांसाठी दिलेली तत्त्वे प्रेक्षकांना सांगतो : पद्धतीचे तपशील देऊ नयेत, घटनेचे एकच कारण असल्याचे भासवू नये, तिला उदात्त रूप देऊ नये. नाटकाने स्वतःही ही पथ्ये पाळली आहेत. भारतातही प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर अशी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. आपली वर्तमानपत्रे ती किती पाळतात हा स्वतंत्र आणि खेदाचा विषय आहे.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या अनुभवी वाचकाला अधिक पटेल. यादीमुळे आई बरी होत नाही. नाटक हे खोटे आश्वासन देत नाही आणि मुलाच्या प्रेमात काही कमी पडले असाही ठपका ठेवत नाही. जिवलगाच्या आजारात आपण पुरे पडलो नाही, ही बोच घेऊन जगणारे किती तरी आप्त आपण पाहिले असतील. त्यांच्याशी हे नाटक प्रेमाने बोलते. मुलाला पुढे स्वतःसाठी मदत घ्यावी लागते, तो आधी ती टाळतो आणि मग घेतो, हा टप्पाही लेखकाने वगळलेला नाही.

प्रश्न : कर्करोगासारख्या शारीरिक आजारावर असे विनोदी एकपात्री कुणी केले आहे काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पुष्कळांनी केले आहे. मला सर्वांत जवळचे वाटते ते अमेरिकन अभिनेत्री जुलिया स्वीनी यांचे ‘गॉड सेड, हा!’. त्यांच्या भावाला लसिकापेशींचा कर्करोग झाला, तो आणि त्याच्या शुश्रूषेसाठी आईवडील जुलिया यांच्या लहानशा घरात राहायला आले, आणि त्याच काळात स्वतः जुलिया यांना गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला. लॉस एंजलिसमधील विनोदी कलावंतांच्या एका मंचावर त्या हे प्रसंग घडत असतानाच सांगत असत. नाटक त्यातून वाढले, 1996 मध्ये ब्रॉडवेवरील लिसियम नाट्यगृहात आले आणि 1998 मध्ये त्यांनी स्वतः त्यावर चित्रपट दिग्दर्शित केला. येथे अनुभव, लेखन आणि अभिनय एकाच व्यक्तीचे आहेत, त्यामुळे निर्मितीची घडण ‘एव्हरी ब्रिलियंट थिंग’च्या उलट आहे. तरीही आठवड्यामागून आठवडे ऐकणाऱ्या श्रोत्यांनी त्या संहितेला आकार दिला, हे दोन्हींत समान आहे.

प्रश्न : ‘एव्हरी ब्रिलियंट थिंग’ भारतात झाले आहे का?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : होय. मुंबईच्या ‘क्यूटीपी’ या संस्थेने ते इंग्रजीत केले. दिग्दर्शन क्वासर ठाकोर पदमसी यांचे आणि निवेदक विवेक मदान. डॉनहो यांच्या न्यूयॉर्कमधील प्रयोगाचे चित्रीकरण एचबीओने 2016 मध्ये प्रसारित केले. ते अवश्य पाहावे, मात्र घरी पाहताना हातात चिठ्ठी नसते आणि कुणी आपल्याकडे वळून पाहत नाही, त्यामुळे नाटकाचा गाभा त्यात अर्धाच पोचतो.

प्रश्न : आमच्या हौशी मंडळातील एका मुलीने आपल्या आईच्या मानसिक आजारावर एकपात्री लिहिले आहे. त्यात विनोद आहे आणि प्रेक्षकांचा सहभागही आहे. लिहिणे, बसवणे आणि करणे हे सर्व ती स्वतःच करणार म्हणते. आम्ही तिला काय सांगावे?
— एक रंगकर्मी, फोंडा, गोवा

उत्तर : प्रथम तिचे अभिनंदन करावे आणि मग दिग्दर्शन दुसऱ्या कुणाकडे द्यावे. स्वतःच्या घरातील दुःख सांगणाऱ्या व्यक्तीला कोणता प्रसंग कथेला हवा आहे आणि कोणता केवळ तिला सांगावासा वाटतो आहे, यातील भेद एकटीला दिसणे कठीण असते. विश्वासातला दिग्दर्शक हा भेद दाखवतो. एखाद्या तालमीत ती कोलमडली, तर तालीम थांबवणारेही कुणी हवे. ते काम तिचे तिला करता येणार नाही.

आई हयात असेल आणि समजण्याच्या स्थितीत असेल, तर संहिता तिला वाचून दाखवावी आणि तिला नको असलेले प्रसंग निमूटपणे काढावेत. कलेच्या स्वातंत्र्याचा मुद्दा मला पूर्ण ठाऊक आहे, तरीही रुग्णाच्या खाजगी आयुष्याचा मान त्याच्या आधी येतो. त्यानंतर संहिता एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावी. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे आणि 1996 पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारी ‘संगात’ ही संस्था आहे, तेव्हा जाणकार माणसे आपल्याला दूर शोधावी लागणार नाहीत.

प्रेक्षकांचा सहभाग हा सर्वांत नाजूक भाग असल्यामुळे त्याची तालीम रिकाम्या दालनात होऊच शकत नाही. पहिल्या काही आठवड्यांतच दहापंधरा ओळखीची माणसे बोलवावीत, मग दहापंधरा अनोळखी. प्रयोगाआधी नटीने प्रेक्षकांत मिसळून बोलावे आणि जो डोळ्याला डोळा देऊन हसतो त्यालाच पुढे काम द्यावे. मान खाली घालून एकटा बसलेला प्रेक्षक निवडू नये आणि कुणी नकार दिला तर दुसऱ्या वेळी विचारू नये. प्रेक्षकाला दिलेली कृती इतकी सोपी असावी की ती बिघडण्याची भीतीच राहू नये. त्याच्या फजितीवर एकही हशा घेऊ नये, तो कितीही मोठा मिळत असला तरी. ध्वनी आणि दिवे पाहणाऱ्यांनी शब्दावर नव्हे तर माणसावर लक्ष ठेवायला शिकावे, कारण प्रेक्षक आपले वाक्य कधी संपवील हे संहितेत लिहिलेले नसते. दाराजवळ मंडळातील एक जण कायम उभा असावा. कुणी मध्येच उठून बाहेर गेले, तर त्याच्यामागे शांतपणे जाऊन पाणी देणे आणि गरज वाटल्यास सोबत बसणे एवढेच त्याचे काम. श्रेयनामावलीत त्याचेही नाव घालावे.

मूळ इंग्रजी नाटकाचाच मराठी किंवा कोकणी अवतार करण्याचा विचार कधी झाला, तर हक्कधारकांकडून लेखी परवानगी घ्यावी लागेल. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, आणि रूपांतर हासुद्धा त्याच हक्काचा भाग आहे.

जाहिरातीत आणि तिकिटावर विषयाची स्पष्ट कल्पना द्यावी. प्रयोगाच्या शेवटी, टाळ्या थांबल्यावर आणि दिवे चालू असतानाच, केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक 14416 नटीने स्वतः सांगावा. ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून विनाशुल्क उपलब्ध आहे, ती रात्रंदिवस चालते आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. हा क्रमांक दाराशी मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा, म्हणजे ज्याला तो सर्वांदेखत टिपून घ्यायचा संकोच वाटेल, त्याला तो जाता जाता वाचता येईल.